वावरात कॅमेरा: नवशिक्यांसाठी

बडनेऱ्यात राहून निसर्गाचे फोटो काढायला शिकायचं असेल, तर सुरुवात बडनेऱ्याविषयी तक्रार करण्यापासून करावी. इथे समुद्र नाही, धबधबा नाही, धुक्यात हरवलेलं पठार नाही. आहे ते जंक्शन. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून लोक इथे उतरतात ते पुढे अमरावतीला किंवा चिखलदऱ्याला जायला. ही तक्रार प्रत्येक नवशिक्याने निदान एक पावसाळाभर मन लावून करावी. तोवर कॅमेऱ्याचे हप्ते सुरू होतात, आणि हप्ते फेडणारा माणूस दर रविवारी चिखलदरा गाठू शकत नाही. मग तो मुकाट्याने जुन्या वस्तीतून बाहेर पडतो, अंजनगाव बारीच्या रस्त्याला लागतो आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना नीट बघतो. आपलं मार्गदर्शन तिथून पुढचं आहे.

साहित्य फार लागत नाही. मोबाईल असला तरी चालतं. दुपट्टा मात्र हवाच. तो डोक्याला, मानेला, लेन्स पुसायला आणि धुऱ्यावर बसायला उपयोगी पडतो. पाण्याची बाटली घ्या. तिपाई घेऊ नका. पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तिपाईचं कितीही कौतुक असो, वऱ्हाडात वावराच्या कडेला तीन पायांवर काही उभं राहिलं की त्याचा अर्थ एकच होतो: मोजणी आली. महामार्ग, बाह्यवळण, बेलोऱ्याचं विमानतळ, यांसाठी जमिनी मोजल्या गेलेल्या लोकांमध्ये तुम्ही हिंडणार आहात. पहाटेच्या कोवळ्या उजेडात तिपाईवर वाकलेला माणूस लांबून छायाचित्रकार वाटत नाही, भूमी अभिलेखचा वाटतो.

तिपाई नसली तरी प्रश्न चुकत नाही. धुऱ्यावर उभं राहून तुम्ही कॅमेरा डोळ्याला लावता न लावता तोच पऱ्हाटीतून आवाज येतो, "काऊन भाऊ, तुमी इम्याचे साहेब होय का?" याचं उत्तर आधी पाठ करून जावं. "नाही काका, पाखराचा फोटो काढतो," एवढं पुरतं. त्यावर "पाखराचा? त्याचे काही पैसे भेटतेत का?" असा दुसरा प्रश्न येतो. खरं सांगावं. भेटत नाहीत म्हटलं की काकांचा संशय जातो आणि त्या जागी काळजी येते; बरेचदा चहाही येतो.

विम्याच्या साहेबाचा तो पहिला प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, कारण तो अगदी रास्त आहे. शेतातला फोटो हा इथे शौकाचा विषय कधीच नव्हता. पीक बुडालं की पीकविम्यासाठी 72 तासांच्या आत कळवायचं आणि नुकसानीचे फोटो जोडायचे, हे लोक वर्षानुवर्षं करत आले. 2023च्या खरिपात राज्याने 1 रुपयात विमा दिला, 2025मध्ये ती सोय गेली, नियमही बदलले. पंचनाम्याला फोटो, अतिवृष्टीला फोटो, आणि पाहणी दौऱ्यावरच्या पुढाऱ्याला तर सडक्या सोयाबीनची पेंडी हातात धरून फोटोच फोटो. तुमच्या आधी या वावरात एवढे कॅमेरे येऊन गेलेत. तुम्ही पहिलेच असे आहात ज्यांना पीक बरं असतानाही फोटो हवा आहे.

आता ऋतूंकडे वळू. दिनदर्शिकेतले महिने बाजूला ठेवून नक्षत्रं धरा. वऱ्हाड त्यांच्यावरच चालतो. मृग लागतो 7 किंवा 8 जूनला. पाऊस त्या दिवशी येईलच असं नाही, पण पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर मृगाचे किडे निघतात, लालभडक, मखमली. नवशिक्याला इतका सोपा विषय दुसरा नाही. किडा हळू चालतो, पळून जात नाही, काळ्या जमिनीवर त्याचा लाल रंग आपोआप उठतो. फक्त जमिनीवर पालथं पडायची तयारी पाहिजे. पालथं पडल्यावर उठताना कळतं की काळी माती शर्टाला, कोपराला, घड्याळाला आणि बुटाला लागलेली आहे आणि ती सुटायला तयार नाही. पाणी पिऊन फुगणारी ही चिकणमाती. उन्हाळ्यात तीच आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात पांदणीने चालायचं तर चपला हातात घ्याव्या. इकडे अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना एकपदरी 75 किलोमीटर डांबर 2022च्या जूनमध्ये सुमारे 105 तासांत टाकून विश्वविक्रम झाला, आणि त्याच महामार्गावरून वावराकडे फुटणाऱ्या पांदणीत बंडीचं चाक आसापर्यंत रुततं. महामार्गावर फोटोसाठी थांबू नये, मरायला होतं. पांदणीत थांबण्याचा प्रश्नच येत नाही, थांबलेलेच असता.

श्रावणात कोंडेश्वरला जा. काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ आणि भोवती पोहरा-मालखेडच्या जंगलाचा हिरवा. सोमवार टाळा. सोमवारी फोटोत देऊळ येत नाही, पाठी येतात.

पावसाळ्यातला दुसरा धडा फुलांचा. नवशिका रस्त्याच्या कडेला पांढऱ्या चांदण्यांसारखी बारीक फुलं पाहतो, हरखतो, गुडघे टेकतो, अगदी जवळून दव टिपतो आणि घरी जाऊन 'रानफूल' म्हणून टाकतो. ते गाजरगवत असतं. प्रत्येकाचा पहिला उत्तम फोटो गाजरगवताचाच असतो, यात लाज बाळगू नये. खाज आलीच तर साबणाने हात धुवावे. त्यापेक्षा शेजारचा तरोटा बघा. पिवळी फुलं आहेत, आणि कोवळा असताना भाजी होते. मग कपाशीकडे वळा. पात्यातून उमललेलं फूल पहिल्या दिवशी फिकट, पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग शेजारी सापडतात. पूर्ण वऱ्हाडात हे दर वर्षी लाखो झाडांवर घडतं आणि त्याचा धड फोटो काढलेला माणूस शोधावा लागतो, कारण सगळे फुलांच्या शोधात कास पठारावर गेलेले असतात.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन पिवळं पडून पानं गाळतं आणि नवशिक्याचा हिरवा संपतो. इथे बहुतेक जण कॅमेरा कपाटात ठेवतात. जे ठेवत नाहीत ते मोबाईलमध्ये हिरवा वाढवतात, इतका की अंजनगाव बारीच्या शिवारात केरळ उगवतो. दोन्ही करू नका. वऱ्हाडाचा रंग वर्षातून आठ महिने काळा, मातकट, सोनेरी आणि पांढरा असतो. आणि आपला कॅमेरा नेमका यातच चुकतो.

ते कसं, ते जरा सावकाश समजून घ्या, कारण या मार्गदर्शिकेत कामाचं असं एवढंच आहे. कॅमेऱ्यातल्या प्रकाशमापकाला समोर काय आहे ते कळत नाही. समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे, असं धरून तो उजेड ठरवतो. नुकतं वखरलेलं काळं वावर त्याला दाखवलं की 'अंधार झाला' असं समजून तो उजेड वाढवतो, आणि आपली कसदार काळी राखेसारखी भुरकट दिसते. फुटलेल्या कापसाचं वावर दाखवलं की 'फारच झगमगाट' म्हणून तो उजेड कमी करतो, आणि पांढराशुभ्र कापूस मळकट येतो. असा कापूस बाजारात नेला तर व्यापारी बोटाने चिमटीत धरून भाव पाडेल. म्हणून काळ्या मातीला उजेड एक घर कमी करा, कापसाला एक घर वाढवा. मोबाईलवर बोट टेकवलं की बाजूला सूर्य येतो, तो खाली-वर सरकवायचा. आता प्रश्न असा की वऱ्हाडात काळी माती आणि पांढरा कापूस एकाच चौकटीत असतात. जपानमध्ये कॅमेरा बनवणाऱ्याने याचा विचार केलेला दिसत नाही. अशा वेळी कापूस सांभाळावा, माती आणखी काळी पडू द्यावी. बोंडाचा पांढरा एकदा उजेडात विरघळला की कोणत्याही करामतीने परत येत नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी कुठे सीतादही चाललं असेल तर आधी विचारा, पूजा आटोपू द्या, मग फोटो.

हिवाळ्यात मालखेड आणि केकतपूरच्या तलावांवर बदकं येतात. बदकं मधोमध बसतात आणि तुमची लेन्स काठावर संपते. हा शास्त्राचा नियम आहे, त्यावर पैसे खर्च करू नका. त्यापेक्षा विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख टिपा. तार फोटोत येते म्हणून रडणारे पुष्कळ भेटतील. तार नसती तर पक्षी तरी कुठे बसला असता?

प्राण्यांच्या बाबतीत तारतम्य पाळा. पहाटे हरभऱ्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप उभा आहे, पाठीमागून ऊन, तोंडातून वाफ. असा फोटो आयुष्यात एखाददा मिळतो. तो घ्या, पण काढल्यावर मालकाला दाखवून "काय मस्त आला!" म्हणू नका. तो रात्रभर मचाणावर जागला आहे आणि पहाटे त्याचा डोळा लागला तेव्हाच ते आत घुसलेत. त्याला तुमचा फोटो हवाच आहे, मात्र वन खात्याला दाखवायला. त्यात खाल्लेला हरभरा स्पष्ट दिसला पाहिजे; रोही धूसर आला तरी चालेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. पळसाचा फोटो सक्तीचा आहे, काढून मोकळे व्हा. याच दिवसांत शिवारात लग्नाआधीचं फोटोशूट करणारी जोडपी गव्हात पळताना दिसतात. त्यांच्यापासून आणि त्यांनी तुडवलेल्या गव्हाच्या मालकापासून सारखंच अंतर ठेवा. एप्रिलपासून सकाळी आठच्या आत घरी यायचं. पारा 45 गाठतो तेव्हा माणसाआधी मोबाईल जीव सोडतो.

शेवटची सूचना अशी की वावरात तुम्हीच एकटे छायाचित्रकार आहात, हा समज सोडून द्या. 15 ऑगस्ट 2021पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपल्या पिकाचा फोटो आपल्याच मोबाईलवर काढून पाठवणं आलं. तो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, त्याला मुदत असते, आणि तो धड गेला नाही तर सातबाऱ्यावर पीक चढायची पंचाईत होते. फोनवर रेंज नसते, पडद्यावर ऊन पडतं, म्हाताऱ्या बोटांना ॲप दाद देत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धुऱ्यावरून कोणी "भाऊ, एवढा फोटो काढून द्या ना" म्हणून हाक मारली, तर पाखरू उडालं तरी उडू द्या. आपला कॅमेरा पिशवीत टाका, काकांचा मोबाईल हातात घ्या, पिकात शिरा आणि फोटो काढून तो गेल्याची खात्री होईपर्यंत तिथेच थांबा.