खोपटी न पाडता

"अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले का? या जरा कुंपणाशी. काल भाचीचा फोन आला होता, बीजिंगहून."

"अजून त्या जुन्या गल्लीतच राहते का हो काकू?"

"तिथेच. हुटोंग म्हणतात त्या गल्ल्यांना. चौसोपी घरं, मधे अंगण. पूर्वी एकेका घराण्याची होती ती. पुढे एकेका अंगणात बिऱ्हाडांवर बिऱ्हाडं शिरली, आणि ज्याने त्याने अंगणातच स्वयंपाकाची खोपटी उभी केली. बऱ्याच घरांत संडास नाही, गल्लीतल्या सार्वजनिक संडासात जायचं. अख्ख्या गल्लीच्या बातम्या तिथेच कळतात."

"म्हणजे त्यांचं कुंपणच म्हणा की!"

"हसा तुम्ही!"

"पण मग पाडून नवं का नाही बांधत?"

"पाडलं की बरंच! तिआनमेन चौकाच्या दक्षिणेला छिआनमेन नावाचा रस्ता आहे. 2008च्या ऑलिंपिकच्या वेळी तो 'जुन्यासारखा नवा' करून टाकला. ट्राम काय, नक्षीदार दिवे काय, परदेशी कपड्यांची दुकानं काय! फोटो काढायला झुंबड. पण आसपासची जुनी माणसं? कितीतरी गेली लांबच्या इमारतींत."

"नाटकाचा सेट झाला म्हणा ना."

"मी तेच म्हटलं तिला! तर म्हणाली, मावशी, तिथून जवळच छाअर हुटोंगात आठ नंबरचं अंगण आहे, ते बघ. झांग के नावाच्या आर्किटेक्टने केलंय. लोकांनी बांधलेली ती खोपटी असतात ना, सगळे त्यांना कचरा समजतात. यांनी ती ठेवली. एका जुन्या स्वयंपाकघराचं चित्रांचं दालन केलं, सहा चौरस मीटरचं, राखी विटांचं. छपराखाली मुलांचं वाचनालय, नऊ चौरस मीटर."

"नऊ? माझं माजघर मोठं आहे त्याहून!"

"आणि त्या दालनाला बाहेरून पायऱ्या. पोरं चढतात ती थेट झाडाच्या फांद्यांत. शाळा सुटली की आजूबाजूची मुलं तिथे. 2016 साली आगाखान पुरस्कार मिळाला त्याला."

"सरकारला आवडलं असेल मग."

"सरकारचं काय सांगावं! 2017मध्ये तिथेच जवळ बुजलेला सानलीहचा ओढा पुन्हा वाहता केला. पाणी, झाडं, काठाने फिरायला वाट. छान झालंय म्हणते, फक्त काठावरची बरीच बिऱ्हाडं आधीच उठलेली. आणि त्याच वर्षी शहरभरच्या गल्ल्यांत भिंती फोडून काढलेल्या दुकानांची दारं-खिडक्या विटांनी बंद केल्या. बेकायदा म्हणे."

"अगंबाई! मग मीठ-मिरची आणायची कुठून?"

"तेच ना! भिंत सरळ झाली, वर्दळ गेली. म्हातारे मात्र खमके. घरून बुटकी स्टुलं आणून गल्लीतच बुद्धिबळाचा डाव मांडतात. ओढ्याकाठी अशा बागा आखणाऱ्यांनी आधी त्यांना विचारायला हवं, ऊन कुठे येतं आणि वारा कुठून लागतो ते."

"काकू, आमचे हे पुढच्या वर्षी कंपनीच्या कामाला बीजिंगला जाणार म्हणतात. मीही जाईन म्हणते."

"मग माझं ऐका. छिआनमेनचा रस्ता अर्ध्या तासात उरका आणि गल्ल्यांत शिरा. फक्त कुणाच्या अंगणात न विचारता डोकावू नका हं. लोक राहतात तिथे."