५ पैकी ३ दिवस

सुरतेत "केव्हा होईल?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे: "थई जशे." शिंपी, प्लंबर, सोसायटीचा चेअरमन, सगळे हेच सांगतात. जळगाव-धुळ्याकडून येऊन उधना-लिंबायतीत स्थिरावलेली आम्ही मराठी माणसंही आता बिनदिक्कत हेच म्हणतो. या उत्तरात तारीख नसते, कारण नसतं. जिव्हाळा मात्र भरपूर.

अशा गावात भाच्याने माझ्या संगणकावर डेबियन घातलं, तेही 'टेस्टिंग' शाखेचं. डेबियन ही लिनक्सची जुनी, स्वयंसेवकांनी चालवलेली आवृत्ती. इयन मर्डॉकने १९९३ साली सुरू केलेली. तिथे नवं पॅकेज आधी 'सिड' नावाच्या शाखेत येतं. सिड हा 'टॉय स्टोरी'तला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा, त्यामुळे काय वाढून ठेवलंय याची कल्पना येतेच. तिथे टिकलं तर टेस्टिंगमध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून त्याचंच 'स्टेबल' करतात.

मला एका पॅकेजची नवी आवृत्ती हवी होती. नाव सांगत नाही, बिचाऱ्याला सांभाळणारा एकटाच आहे. ती सिडमध्ये येऊन बसली होती, माझ्याकडे काही येईना.

"मामा, सबबी बघा ना," भाचा म्हणाला.

मला टोमणाच वाटला. पण डेबियनमध्ये अडकलेल्या पॅकेजांच्या सबबींची खरोखरच यादी असते, आणि तिला तिथे अधिकृतपणे सबबीच म्हणतात. 'वय कमी: ५ पैकी ३ दिवस.' 'एआरएम-६४ वर अजून बांधून झालेलं नाही.' 'चाचणी आधी पास होत होती, आता नापास.' 'नव्या आवृत्तीमुळे अमुक क्रमांकाचा बग आत येईल.' नेहमीचं पॅकेज ५ दिवस थांबतं, बिनघाईचं १०, तातडीचं २. हे सगळं ब्रिटनी नावाचा एक प्रोग्राम ठरवतो. त्याच्याकडे वशिला चालत नाही, की "साहेब, जरा बघा ना" म्हणता येत नाही. सरकारी कचेरीत आयुष्यभर खेटे घातलेल्या माणसाला ही यादी वाचताना गहिवरून येतं. आपलं काम का अडलंय, हे कुणीतरी न विचारता लेखी सांगतंय!

नियमातली एक खोच मला फार आवडते. गंभीर बग असला म्हणजे पॅकेज अडलंच, असं नाही. तोच बग टेस्टिंगमधल्या जुन्या आवृत्तीतही असेल, तर नवीला खुशाल आत घेतात. अडवतात ते नव्याने येणाऱ्या दोषाला. जुना दोष घरचा झालेला असतो. आपल्याकडे सुना नेमक्या याच नियमाने तपासल्या जातात.

पण खरी अडचण पॅकेजच्या सोयऱ्यांची. एखादी लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेली सगळी पॅकेजं पुन्हा बांधून एकदमच आत न्यावी लागतात. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलवाल्याला हे चटकन कळेल: एका रंगाचा लॉट अर्धा आज, अर्धा उद्या काढला तर छटा जुळत नाही. १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटी संगणकांचं घड्याळ भरून वाहणार, म्हणून २०२४ च्या सुरुवातीला डेबियनने वेळ मोजायची पद्धत बदलायला घेतली. शेकडो लायब्रऱ्या एकमेकींचा पदर धरून उभ्या राहिल्या आणि आठवडेच्या आठवडे काही पुढे सरकेना. चौदा वर्षांनंतरच्या बगसाठी आजची गाडी थांबवणारी माणसं आमच्या सुरतेत मिळणं कठीण.

त्याच गोंधळात, २९ मार्च २०२४ ला, एक्सझेड प्रकरण बाहेर आलं. फायली आवळून लहान करणाऱ्या या साध्या पॅकेजात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दुसऱ्या यंत्रात दुरून शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने खोदकाम केलं आणि तो सापडला. सबबींच्या यादीने त्याला पकडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. ती आवृत्ती रीतसर टेस्टिंगमध्ये पोचलीसुद्धा होती. स्टेबल वाचलं, कारण ते नव्या आवृत्त्या सहसा घेतच नाही. चाळणीने काही केलं नाही. संथपणाने तेवढा अवधी मिळवून दिला. (फ्रॉइंड नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. डेबियनवरच उभारलेल्या उबुंटूच्या नोंदवहीत बग क्रमांक १ काय होता, तर 'बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे'! तो २००४ ला नोंदवला आणि २०१३ ला मिटवला.)

२०२५ साली १५ मार्चपासून टेस्टिंग टप्प्याटप्प्याने गोठवत नेलं, आणि ९ ऑगस्टला, म्हणजे नेमक्या नारळी पौर्णिमेला, जवळजवळ ७० हजार पॅकेजांचं 'ट्रिक्सी' नावाचं नवं स्टेबल बाहेर पडलं.

माझं पॅकेजही सहाव्या दिवशी आलं. मग मला स्वतःच बग नोंदवायची खुमखुमी आली. पुतणीच्या लग्नाच्या कामांची यादी छापली, तर एका फॉन्टमध्ये 'ऱ्य' मोडून 'आचाऱ्याला आगाऊ पैसे द्यावेत'चं 'आचार्याला' झालं होतं. बग नोंदवायचा प्रोग्राम आधी विचारतो की हा बग अगोदर कुणी कळवलाय का, बघा. मग विचारतो, तीव्रता किती? क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सिरियस हे तीन पॅकेज अडवू शकतात. बाकीचे नुसते यादीत राहतात.

मी 'ग्रेव्ह' निवडलं.

"मामा, अहो, मायनर आहे हा," भाचा म्हणाला.

"मायनर? दोनशे पानं उठायची आहेत. आचारी आला नाही तर?"

"यात कुणाचा डेटा गेलाय का?"

"श्रीखंड जाईल."

बराच वेळ वाद झाला. अखेर 'नॉर्मल'वर तडजोड झाली, आणि आचाऱ्याला पुतणीच्या बापाने फोन केला.