दीडचे साहेब

तपासणीचे साहेब कधी येणार हे गावाला आधीच कळावं, ही आपली जुनी परंपरा. पंजाब-हरियाणाने ती थेट अंतराळात नेली आहे. भाताच्या शेतातली पराली पेटली की ती टिपणारे ‘सुओमी एनपीपी’, ‘नोआ-२०’ वगैरे उपग्रह आठशे किलोमीटरवरून जातात आणि ३७५ मीटरच्या चौकोनातली आग हेरतात. कुणाच्या घरचा चहा नाही, कुणाची ओळख नाही. खोड एकच, फार वक्तशीर. दुपारी दीडच्या आगेमागे एक फेरी आणि उत्तररात्री दीडला दुसरी.

मग व्हायचं तेच झालं. काडी दुपार कलल्यावर पडू लागली. सुका पेंढा तो, भडकतो आणि बघता बघता विझतो. रात्रीच्या साहेबांच्या वाट्याला राख. ‘नासा’तले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये हे बिंग फोडलं. त्यासाठी कामी आला दक्षिण कोरियाचा भूस्थिर उपग्रह. तो ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी ठाण मांडून दिवसभर बघत बसतो, म्हणून त्याला चार वाजताचा धूरही दिसतो. आपलाही इन्सॅट तिथे आहेच की! पण त्याच्या चित्रातला एक ठिपका चार किलोमीटरचा. त्यात अख्खं गाव मावतं, बापड्या एकराची काय कथा!

कागदावर मात्र दिवाळी. पंजाबात २०२० च्या हंगामात आगी ८३,००२. २०२४ मध्ये १०,९०९. यातली काही घट खरी आहे, हे मान्य. यंत्रं आली, पेंढ्याच्या गासड्या बांधून विकल्या जाऊ लागल्या. पण आगी एवढ्या आटल्या तरी धूर त्या मानाने हटेना. हवेला परिपत्रक मिळालं नसावं.

आणि शेतकऱ्याला तरी किती झोडपायचं? भूजल वाचवायला २००९ मध्ये पंजाब सरकारनेच कायदा करून भाताची लावणी जूनवर ढकलली. कापणी ऑक्टोबरअखेर, गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्याआत. हातात जेमतेम दोन-तीन आठवडे, रानात हार्वेस्टरने मागे ठेवलेली धसकटं, आणि पाच एकरांवरच्या धन्याला दंड ३० हजार. एका सरकारी कागदाने घाई लावायची, दुसऱ्याने दंड फाडायचा.

आमची एक फुकटची सूचना. पेटलेली आग मोजू नका, जळालेलं रान मोजा. ज्वाळा साहेबांची वेळ पाळतात. काळं पडलेलं शेत नांगर फिरेपर्यंत काळंच राहतं. युरोपचे ‘सेंटिनेल-२’ उपग्रह दर पाच दिवसांनी १० मीटरच्या बारकाईने अशी चित्रं काढतात आणि ती कुणालाही मोफत मिळतात. निविदा काढावी लागत नाही, एवढीच काय ती अडचण.