काबरं वं माय, फुटबॉल?

"ऐकलं का? आमच्या धुळ्याच्या नातीनं फुटबॉल लावला म्हणे!" जिजींनी बिबड्यांवरचा कावळा हाकलत तारेपलीकडून तोंड उघडलं. "काबरं वं माय? क्रिकेट असतं तर निदान टीव्हीवर दिसली असती."

"फुटबॉलवाल्या दिसत नाहीत होय? २०२२ला सतरा वर्षांखालच्या पोरींचा वर्ल्डकप आपल्याकडेच झाला की."

"मग आपण जिंकलो?"

"आपल्या पोरी भुवनेश्वरला तिन्ही मॅच हरल्या, अमेरिकेकडून तर आठ गोल खाल्ले. ते सोडा. नायजेरियाच्या पोरींनी त्याच अमेरिकेला नवी मुंबईत पेनल्टीवर घरी पाठवलं. गोव्यात सेमीफायनल कोलंबियाशी, पुन्हा पेनल्टी, तिथं हरल्या. मग परत नवी मुंबई, तिसऱ्या नंबरसाठी जर्मनी. तीन गोलांनी पुढे होत्या, जर्मनीनं तिन्ही फेडले. पुन्हा पेनल्टी! पण कांस्य घेऊनच गेल्या."

"गोलात कोण होती?"

"फेथ ओमिलाना."

"बिचारी! सासुरवाशिणीचीच गत. मारायला सगळे, अडवायला ही एकटी."

जिजींच्या डोक्यात कुठलाही खेळ शेवटी सासरपर्यंत पोचतोच. मी म्हटलं, "नायजेरियाचीच थोरली खेळाडू ऐका, असिसात ओशोआला. लागोसजवळच्या इकोरोडूची. आईबापांचा खेळायला विरोध. बाजू घेतली ती आजीनं."

बिबडं उलटणारा हात थांबला. "आजीनं?"

"हो. २०१४ला कॅनडात वीस वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये सात गोल. सगळ्यात जास्त गोलांचंही बक्षीस तिला आणि उत्तम खेळाडूचंही. फायनल मात्र जर्मनीनं नेली. मग लिव्हरपूल, आर्सेनल, मधेच चीन, आणि २०१९ ते २०२४ बार्सिलोना. चॅम्पियन्स लीग दोनदा. आफ्रिकेतली वर्षातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहा वेळा!"

"सहा! आणि लग्न?"

"ते कुणी विचारलं नाही, जिजी."

"काबरं नाही विचारलं? लोकं विचारतातच."

"२०२३च्या वर्ल्डकपात नायजेरियानं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात हरवलं. हिनं गोल केला नि आनंदात जर्सीच काढून फिरवली."

"अगं बाई! भर मैदानात?"

"आत स्पोर्ट्स ब्रा होती हो. पुरुष जर्सी काढतात तशीच. रेफरीनं पिवळं कार्ड दाखवलं, नियम तो नियम."

"आमच्या गल्लीत तर कार्ड न दाखवताच बाहेर काढतील." जिजी स्वतःच खदखदून हसल्या. मग मला विचारतात, पोरींना पैसे तरी नीट मिळतात का? त्याचीही तिथं रडकथाच. २०१९ला फ्रान्समधल्या वर्ल्डकपातून बाहेर पडल्यावर थकलेल्या पैशांसाठी नायजेरियाच्या पोरींना हॉटेलात धरणं धरावं लागलं होतं. जिजींचा चेहरा पडला. गोल ऐकून नाही पडला, पैशाचं ऐकून पडला.

"म्हणजे तिथंही तेच. पण ती आजीवाली पोरगी तिच्या गावची राहिली का मग?"

"लागोसला पोरींसाठी फाउंडेशन काढलंय तिनं."

जिजी तारेजवळ सरकल्या, आवाज उतरवला. "ते खालून खिळे असलेले बूट असतात ना, कितीला येतात गं? धुळ्याच्या जावयाला कळायला नको. गोलाणी मार्केटात मिळतील का, की ऑनलाईनच बघतेस? नंबर मी विचारून घेते, तू पैशाचं बोलू नको नातीशी."