कच्चं मडकं गुणिले सात

आमच्या नववी 'ब'च्या फळ्याचा डावा कोपरा कायमचा राखीव आहे. वर मॉनिटरच्या अक्षरात 'बोलणाऱ्यांची नावे', खाली यादी. पुन्हा बोलला की नावापुढं गुणिले दोन, मग तीन. ज्यांना वहीत गुणाकार जमत नाही, ती पोरंही इथला हिशेब तोंडपाठ ठेवतात. परवा मागच्या बाकावरचा एक गडी तास संपेपर्यंत गुणिले सातवर गेला. जाब विचारला तर म्हणाला, "सर, म्या कुठं बोलायलो? ह्यो इचारायलता म्हणून सांगायलो."

तो सांगत होता पीक विम्याचं. कुणाच्या खात्यावर पैसे पडले, कुणाचे अडकले, बँकेत कुणाला भेटायचं. सोयाबीन माझंही आहे दोन एकर. मी फळ्याकडं तोंड करून सगळं ऐकून घेतलं, मगच ओरडलो.

बडबड्यांचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी काकांना यातली मडकी पक्की किती, कच्ची किती ते बघायला सांगितलं, अशी कथा आहे. काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर वाजवत निघाले. सगळे गप्प. नामदेव तेवढे कुरकुरले. निकाल जागेवर लागला: हे मडकं कच्चं! पुनर्तपासणीचा अर्ज नाही, पुरवणी परीक्षा नाही. पुढं हे कच्चं मडकं विसोबा खेचरांकडं शिकायला गेलं आणि नंतर थेट पंजाबात पोचलं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. गप्प बसलेल्यांत ज्ञानेश्वरही होते, तेव्हा गप्प बसणं वाईट असं काही मी म्हणणार नाही. आमच्या वर्गातले गप्प बसणारे मात्र बहुतेक झोपलेले असतात.

हल्ली थापटण्याची सोय उरली नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17: शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रासही नाही. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणून आमच्या एका सहकाऱ्यानं नववीतल्या कुणाकुणाला पंधरावं लागलं, ते दाखल्यांवरून काढायला घेतलं होतं. पुढच्या वयालाही दुसरा कायदा आहे म्हटल्यावर त्यानं रजिस्टर मिटलं. कायदा चांगलाच आहे. आम्ही निरगुडीचे फोक खाल्ले. त्यानं गप्प झालो हे खरं, शहाणे झालो याचा पुरावा अजून सापडलेला नाही.

फोकाच्या जागी आता प्रशिक्षण आलं. 'वर्गव्यवस्थापन', दोन दिवस, चहा-नाष्ट्यासह. साधनव्यक्ती पुढं बोलत होते आणि साठ शिक्षक आपापसांत: बदल्या कधी, जुन्या पेन्शनचं काय, मतदार यादीचं काम यंदा कुणाच्या गळ्यात. शेवटी साधनव्यक्तींनी टाळ्यांचा ठेका धरायला लावला. तो आम्हाला जमला नाही.

मोठ्यांच्या बोलण्याला एरवी आपल्याकडं मांडव घालतात. जानेवारी 2020मध्ये जिल्ह्याच्या गावी 93वं साहित्य संमेलन भरलं, नगरीला नाव संत गोरोबाकाकांचंच. तीन दिवस वक्ते बोलले. थापटणं घेऊन कुणी फिरलं नाही, हे संयोजकांचे उपकार.

तर गेल्या आठवड्यात तपासणी झाली. आदल्या दिवशी आम्ही वर्गाला दोन तास फक्त गप्प बसण्याचा सराव दिला. साहेब आले, खुर्चीवर टेकले, प्रसन्न झाले. म्हणाले, "छान! आता मनातलं काहीही विचारा. घाबरू नका." वर्ग चिडीचूप. मॉनिटर खाली बघतोय. पहिल्या बाकावरच्या हुशार मुली खाली बघताहेत. मीही खाली बघतोय. एवढ्यात मागून गुणिले सात उभा राहिला.

"साहेब, आमच्या वर्गाचे पत्रे गळायलेत. कवा बदलणार?"

साहेबांनी वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मॉनिटरनं सवयीनं खडू उचलला होता.

जाताना साहेब शेरेबुकात लिहून गेले: 'विद्यार्थी बडबडे आहेत. वर्गनियंत्रणात सुधारणा आवश्यक.' पत्र्यांचा उल्लेख नाही. काल पाऊस झाला. बाक दोन हात पुढं सरकवलेत, त्यामुळं मागचा बाक आता माझ्या टेबलाच्या बराच जवळ आलाय आणि विम्याची बातमी स्पष्ट ऐकू येते.