चौकटीबाहेरचा पतंग

संक्रांतीच्या सुमारास महागावच्या शिवारात दोन कामं एकदमच निघतात: बायांची कापूस वेचणी आणि पोरांचे पेच. बाया ओटी भरत पुढं सरकतात, पोरं मान वर करून मागं सरकतात, आणि दोघांनाही आपलंच काम जास्त निकडीचं वाटतं.

जपानच्या जुन्या छापचित्रांतही हेच चाललेलं असतं. होकुसाईनं १८३० च्या सुमारास फूजी पर्वताची जी चित्रमालिका काढली, तिच्यातल्या एका चित्रात एदो शहरातल्या मित्सुईंच्या कापडपेढीचं छप्पर आहे. छपरावर शाकारणीची माणसं, मागं बर्फाची टोपी घालून शहाण्यासारखा बसलेला फूजी, आणि त्याच्याही वर पतंग. एकावर तर 'दीर्घायुष्य' असं अक्षर रंगवलंय. पतंगाला दीर्घायुष्य! संध्याकाळपर्यंत टिकला तरी नशीब. दोऱ्या छपरांमागं उतरत गेल्यात. त्या धरणारं पोर काही दिसत नाही. पर्वत आणि पेढी इतकी झोकात चितारलेली, पण सगळ्यांच्या वर जाऊन बसलेल्याचा कर्ता मात्र बेपत्ता.

हिरोशिगे तर त्याच्याही पुढं गेला. १८३३-३४ च्या सुमाराच्या त्याच्या तोकाइदो मार्गाच्या मालिकेतलं काकेगावाचं चित्र पाहा. वाऱ्याला तोंड देत पुलावरून वाकून चाललेलं म्हातारं जोडपं, त्यांची नक्कल करणारं एक वात्रट पोर, खाली भाताची लावणी. एक पतंग सुटून भरकटलेला, तर दुसरा चित्राची वरची चौकट ओलांडून चक्क कोऱ्या समासात शिरलेला. रेघ मारायची चित्रकारानं आणि मोडायचीही त्यानंच! ठसा कोरणाऱ्यानं कपाळावर हात मारला असेल, की गालात हसला असेल?

आमच्याकडं शेताच्या चौकटीला धुरा म्हणतात. वीतभर धुऱ्यासाठी भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाही, तलाठ्याचे उंबरे झिजतात. पण कटलेला पतंग धुरा ओलांडून आला, की त्याच शेताचा धनी बोंडं सांभाळत, अंग चोरत पऱ्हाटीत शिरतो. कागद फाटू नये म्हणून मांजा हळूच फांदीवरून सोडवतो; त्याला कापसाचा एक पुंजका चिकटून आलेला असतो, तो आधी ओटीत टाकतो. मग बोटांनी मांजा चाचपत धुऱ्यापलीकडं ओरडतो,

"नायलॉनचा नाही न् बे, पोट्टेहो?"


आणि उत्तर येण्याआधीच, लहानपणची सवय म्हणून, कन्नी बरोबर बांधलीय का ते पाहायला लागतो.