तत्रैव सर

सरांचं खरं नाव विभागात कुणाच्या तोंडी नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'तत्रैव' म्हणतात; तळटीपांत 'वरच्याच ग्रंथात' अशा अर्थी येतो तो शब्द. प्रबंधाचं प्रकरण हातात दिलं की ते आधी शेवटची पानं उघडतात. संदर्भसूचीवरून माणूस कळतो, असं त्यांचं मत. मजकूर नंतर, वेळ उरला तर.

टपरीवर कुणी "टिळक एकदा म्हणाले होते..." असं सुरू केलं, की सर कपबशी खाली ठेवतात. "कुठे? केसरीत? कुठल्या अंकात?" तो बिचारा चहाचे पैसे देऊन सटकतो. बहुधा सरांचेही.

मी संगणकावर संदर्भसूची लावून देणारं झोटेरो घेतलं, तेव्हा सर कौतुकाने शेजारी बसले. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, एवढंच त्याला ठाऊक; सूचीत 'महाराज, तुकाराम' उमटलं. सर नुसते बघत राहिले. मग मी एका जुन्या पुस्तकाचा शके १८२० तसाच वर्षाच्या रकान्यात भरला आणि पुस्तक बसल्या जागी ७८ वर्षांनी म्हातारं झालं. पण खरा घाव घातला तो एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीने. २०१९ पासून प्रकाशनस्थळ लिहायचं नाही! "सदाशिव पेठ, पुणे काढून टाकायचं?" सर कळवळले. "मग पुस्तकात उरलं काय?"

मूळ ग्रंथ न बघता दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला संदर्भ म्हणजे त्यांच्या भाषेत 'उष्टा'. माझ्या तिसऱ्या प्रकरणात एका बखरीच्या संदर्भावर त्यांचं बोट थांबलं. पृ. २१२. "मूळ पाहिलंस?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस्टीने पुणे, भारत इतिहास संशोधक मंडळ.

बखर १८४ पानांत आटोपलेली.

मी तो आकडा ज्या प्रबंधातून घेतला, त्याने तो आणखी एका प्रबंधातून घेतला होता. माग काढत विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचलो. शेवटी हाती आला तो टंकलिखित प्रबंध, काळं रेक्झिन, पुसट सोनेरी अक्षरं. तळटीपेत ठसठशीत २१२. मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि मला घाम फुटला.

सरांसमोर तो नुसता उघडून ठेवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "टंकताना आकडे उलटे पडले. १२२ पाहिलंस?"

पुन्हा पहाटेची एस्टी. उतारा १२२ वरच होता.

माझ्या प्रबंधात तळटीप क्रमांक १४३ आहे. तीत सरांचं पूर्ण नाव, त्यांच्या प्रबंधाचं शीर्षक, वर्ष आणि पुढे 'यांनी दिलेला पृष्ठांक चुकीचा आहे' असं वाक्य आहे. ती मी लिहिलेली नाही. सरांनी समोर बसवून लिहून घेतली, आणि स्वल्पविराम दोनदा तपासला.